टरफलांचा अंदाज

फैजपूर,
१० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सारिकास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. हेमूच्या ओठांची सूज उतरली का? देवाशपथ, भरितात एकही शेंगदाणा टाकला नव्हता. तेलही सूर्यफुलाचं. तुम्ही धुळ्याला गेल्यावर लक्षात आलं, वांगी मी तुझ्या आईच्या लाकडी बडगीत ठेचली. ते लाकूड चाळीस वर्षं दाण्याचं तेल प्यायलेलं. नातीला शेंगदाणा चालत नाही हे माहीत असून अक्कल गहाण ठेवली मी. काल बडगी चुलीत घातली.

या वेळी ओठ आणि अंगावर चट्टे, एवढ्यावर निभावलं. पुढच्या वेळी किती होईल, ते डॉक्टरांना विचारून कळव. आखाजीच्या सणाला तुम्ही माहेरी येणार, कडुनिंबाला झोका बांधायचाय. घर खायला उठतं.

बापावरचा राग फार दिवस धरू नकोस.

तुझा नाना


देवपूर, धुळे,
२ मार्च २०२५

तीर्थरूप नानांस सारिकाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

हेमू बरी आहे. राग नाही, पण बडगी जाळायला नको होती. आईची म्हणून मी माळ्यावर ठेवली असती.

डॉक्टरांनी हेमूचं रक्त तपासलं. मीही तुमच्यासारखंच विचारलं, पुढच्या वेळी किती? ते म्हणाले, आकड्यावरून ॲलर्जी असण्याची शक्यता कळते, ती किती जोरात येईल ते नाही. आज ओठ सुजले, उद्या घसाही बंद होऊ शकतो. केळीच्या घडाचं वजन तुम्ही लांबून सांगता, तसा नजरेचा माणूस दवाखान्यात नाही, नाना. एक इंजेक्शन दिलंय, ते घेऊनच आम्ही फिरतो.

फैजपूरहून मोठा दवाखाना तासभर लांब. म्हणून आखाजीला आम्ही येत नाही. तुम्हीच या. तुमच्या चपलेसाठी हेमूनं दारात जागा केली आहे.

माया आहे तशीच राहू द्या.

सारिका


फैजपूर,
१ मे २०२५

चि. सौ. सारिकास आशीर्वाद. वि. वि.

काल तू स्टँडवर दोन तास उभी होतीस, शेजारच्या बेबाबाईंनी तुझा फोन घेऊन सांगितलं. आखाजीला बाप लेकीकडं निघाला म्हणून गल्ली हसली, हसू दे म्हटलं. अडीच महिने घरात शेंगदाणा आणला नाही. धुतलेलं धोतर नेसून गाडीत बसलो.

एरंडोलला शेजारी एक बाई बसल्या, स्वभावानं चांगल्या. त्यांनी शेंगा फोडायला घेतल्या, मलाही मूठभर देऊ केल्या. टरफलं माझ्या धोतरावर, उघड्या पिशवीत, हेमूच्या नव्या फ्रॉकवर. झटकली, मग हातांकडं पाहत बसलो. हे हात पोरीच्या गालाला लागले तर किती होईल? पन्नास वर्षं घडांची वजनं सांगितली, इथं काही अंदाज येईना. फार भ्यालो गं. पारोळ्याला उतरलो आणि उलट्या गाडीत बसलो.

हात साबणानं धुता आले असते, धोतर बदलता आलं असतं. ते मला घरी आल्यावर सुचलं.

फ्रॉक दोनदा धुऊन दोरीवर टाकलाय. वाळला की पोस्टानं पाठवतो. तूही एकदा धू, मगच तिला घाल.

चपलेची जागा तेवढी राहू दे.

तुझा नाना