आईच्या कपाची बशी

हॅरोज बेंड, लुईझियाना
६ सप्टेंबर १९३१

चि. लूशियस यास अ. उ. आ.

शिकागोत आता थंडी पडायला लागेल. लोकरी बनियन घाल, उगाच फुशारकी नको. इथली बातमी वाईट आहे. नदी काठ खात चालली म्हणून सरकार बांध मागे आणतंय. घरं उचलून आत नेता येतील, पण दफनभूमी पाण्याखाली जाणार. ज्याला आपलं थडगं नेमकं दाखवता येईल त्याच्याच माणसाची हाडं नव्या जागी नेतील.

आई सापडेल. तिचा निळा कप मीच फोडून थडग्याच्या उशाशी खुणेला ठेवलाय. बशी मात्र तू पळवलीस! गेलेल्या माणसाची भांडी घरात अख्खी ठेवली तर ते आणखी कुणाला आपल्यामागे बोलावतं, असं सारं गाव कानीकपाळी ओरडत होतं. आता तरी फोड ती.

माया आहेच, पत्राला उशीर लावू नकोस.
तुझी ताई ऑर्थेलिया


शिकागो
२० सप्टेंबर १९३१

ती. ताईस सा. न.

बनियन घातलंय. कत्तलखान्यात रजा मागितली तर नोकरीच जाईल, म्हणून आईला तूच हलव. बशी फोडणार नाही. रोज तिच्यात कॉफी ओतून फुरके मारतो. आईनं बोलावलंच तर कॉफी संपवून येतो म्हणेन.

शाळेत माझ्या नोरीनला बाईंनी विचारलं, तुमचं गाव कुणी वसवलं? तिनं मळेवाल्या हॅरोचं नाव सांगितलं. मला फार लागलं गं. तिला खरं काय ते तू लिही.

भाच्यांना पापे. राग धरू नकोस.
तुझा लूशियस


हॅरोज बेंड
२ नोव्हेंबर १९३१

चि. लूशियस यास अ. उ. आ.

लिहायला हात धजत नव्हता. मी ऊसतोडीला गेले होते. सरकारी गोरे साहेब येणार, ते हसतील म्हणून नव्या पाद्रीबाईंनी शहरातून पोरी आणून दफनभूमी झाडून लख्ख केली. थडग्यांवरचे आपले फुटके कप, बरण्या, कंदिलाच्या काचा त्यांना केरच वाटला. पोती भरून सगळं नदीत टाकलं. कळल्यावर बाई बिचारी माझ्या पाया पडून रडली. मीच तिला उठवून पाणी दिलं.

नोरीनला सांग, हॅरोनं मळा वसवला, गाव नाही. गुलाम म्हणून विकत आणलेली आपली पणजी पहिल्या रांगेत होती, उशाशी तिची चिलीम. पुढे आजोबा, काकवीच्या बरणीखाली. हॅरो कर्जात बुडाल्यावर त्यांनीच सोबत्यांना घेऊन पट्टी पट्टी जमीन सोडवली. पोरीचं बोट धरून रांगेतून हिंडवलं असतं तर सारं सांगून झालं असतं. आता नुसतं झाडलेलं अंगण आहे.

आईला पुरलं त्या पिकॅनच्या झाडाखाली मी खूप वेळ उभी होते. ही जागा की शेजारची? साहेबानं सरळ विचारलं, बाई, खात्री आहे का. मी नाही म्हणाले. दुसऱ्याची आई उचलून आणली असती, तर आपली कुणाकडे मागायची? काल बांधाचं काम सुरू झालं. आई नदीकडे राहिली रे.

बशी फोडू नकोस. गावाची तेवढीच खूण उरली आहे. त्या बशीपायी आई कुणाला बोलावणारच असेल, तर तिला माझं नाव सांग.

तुझी ताई ऑर्थेलिया