घोट्यावरचा तीळ

वाशी,
१२ जून १९८५

ती. अक्का यांस,
जयप्रकाशचा सा. न. वि. वि.

वैजयंतीचं ऑपरेशन झालं. बीजकोशातली गाठ काढली, ती आतून काळी निघाली. तपासणीत मेलानोमा आला. हा कॅन्सर बहुधा कातडीवरच्या तिळातून सुरू होतो, बीजकोशात क्वचितच सापडतो, असं डॉक्टर म्हणाले. अंगावरचा तीळ कधी काढला होता का, हे त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून विचारलं. ती नाही म्हणाली. आता दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनं आहेत.

तुमच्या बहिणीचा निरोप असा, की रडत यायचं असेल तर येऊ नका, आणि याल तेव्हा कोकमं आणा. माझ्या हातची आमटी म्हणे सिडकोच्या नळाच्या पाण्यासारखी लागते.

लोभ आहे, तो तसाच राहू द्यावा.
आपला,
जयप्रकाश

देवरुख,
२० जून १९८५

चि. जयप्रकाशराव यांस,
भागीरथीचे अ. उ. आ.

कसं लिहू कळत नाही. वैजूच्या डाव्या घोट्यावर काळा तीळ होता. तुमची मंडळी बघायला येणार, मुलीला चालून दाखवायला लावणार, म्हणून मीच चुना-सोडा लावून तो जाळला. सासरी बोलायचं नाही अशी शपथ घातली. नऊ वर्षं तिने ती पाळली. डॉक्टरांना लगेच सांगा. मला हवं ते बोला, तिला रागावू नका.

आमच्यावरची माया आटू देऊ नका.
अक्का

वाशी,
४ नोव्हेंबर १९८५

ती. अक्का यांस,
सा. न.

तेराव्याला तुम्ही माझ्या पाया पडायला वाकलात आणि मी आत निघून गेलो. ते रागाने नव्हे.

तिच्या घोट्यावरचा तो डाग मला लग्नाच्या वर्षीच दिसला होता. तीळ जाळलाय हेही ओळखलं होतं. तिला चालायला लावणारे मामा आमचेच. ते डॉक्टरांसमोर निघू नये म्हणून मी गप्प बसलो. तुमचं पत्र आल्यावरही आठ दिवस डॉक्टरांकडे गेलो नाही.

गेलो तेव्हा डॉक्टरांनी फाइल उघडली. वैजयंतीने पट्टी बदलताना नर्सला सगळं सांगितलं होतं. त्यामुळे उपचारांत फरक पडला नाही, रोग आधीच पसरला होता. घरी कळवू नका, ह्यांना आणि अक्काला लाज वाटेल, एवढंच ती म्हणाली होती.

घरी येऊन मी तिच्यापाशी हा विषय काढला नाही. शेवटचे चार महिने, मी खोलीत आलो की ती डावा पाय पांघरुणात ओढून घ्यायची. मी खिडकीबाहेर बघायचो.

जमलं तर मला आपलं म्हणा.
जयप्रकाश