मेढीच्या मागे

कलकत्ता, २ डिसेंबर १९५३

ती. वच्छलाबाईस केवळरामचा शि. सा. न. वि. वि.

रंगूनहून कालच परतलो. पेपरात वाचलंच असशील. पहिले दोन्ही सामने आपल्या देशाच्या संघाने जिंकले, गेल्या वर्षीच्या विजेत्यांना धूळ चारली. अंतिम सामना मी घालवला. शेवटी चेंडू माझ्याच हातात होता. सवयीने रिंगच्या मागून वळसा घातला, पाय रेषेबाहेर पडला, चेंडू त्यांना मिळाला. कप्तान सगळ्यांदेखत ओरडला की याला मैदान कुठे संपतं तेही कळत नाही.

कळेल कुठून? मळणीचे बैल ज्या मेढीभोवती फिरतात, तिलाच बाबांनी रिंग ठोकून दिली. खळ्याच्या मधोमध! चारी बाजूंनी फिरून बास्केटबॉल शिकलो. पेपरवाल्यालाही हेच सांगितलं. डोकं अजून तापलेलं आहे. घरची खुशाली कळव.

तुझा धाकटा भाऊ केवळराम


कुडवा, ९ डिसेंबर १९५३

चि. केवळरामास अ. उ. आ.

खुशाली कसली विचारतोस? तुझं बोलणं छापलेला पेपर शेजारच्या नंदलालने गोंदियाच्या धान गिरणीत, भर माणसांत बाबांना वाचून दाखवला. तुम्ही जिंकत होता तेव्हा बाबांनी तिथेच चिवडा वाटला होता. आता खाली मान घालून ऐकलं की बापाच्या खळ्याने पोराचे पाय बिघडवले. घरी आले आणि मेढ उपटून फेकली. पूजा केलेली मेढ, अर्धं धान मळायचं असताना! आई रडली, मी भांडले.

हरलास म्हणून नाही रागावले मी. लहानपणी रिंगसाठी तू जेवण सोडलंस म्हणून बाबांनी जंगलातून लांब खोड आणलं, गावाची चेष्टा सोसली. जिंकलास तेव्हा पेपरवाल्याला सांगायला खळं आठवलं नाही ते! बाबांची माफी माग. वेळेवर जेवत जा.

तुझी वच्छला


कलकत्ता, १६ डिसेंबर १९५३

ती. वच्छलाबाईस शि. सा. न.

माफी कशाची? खोटं काय सांगितलं? शिव्या मी खाल्ल्या, तुम्ही नाही. मार्चमध्ये नागपूरला नव्या संघाची निवड आहे. मी जाणार नाही. बूट मित्राला देऊन टाकले. रेल्वेची नोकरी करीन, संघ जिंको नाहीतर बुडो. घरीही येत नाही. मेढ उपटल्याची ओळ मात्र पुन्हा वाचवेना.

केवळराम


कुडवा, २७ डिसेंबर १९५३

चि. केवळरामास आशीर्वाद, रागासकट.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. बूट दिल्याचं ऐकताच तुला चार शिव्या हासडून कुदळ घेऊन निघाले. मला वाटलं, आता खळंच खणून टाकतात.

मेढ त्यांनी पुन्हा रोवली. मधोमध नाही, पार काठावर, बांधाला लागून. आणि तिच्या अगदी मागे बोरीच्या काट्यांचं माणूसभर उंच कुंपण घातलं. बैल कशाभोवती फिरवायचे? उरलेलं धान आम्ही हातांनी झोडतो आहोत. माझ्या तळव्यांना फोड आले, तेही तुझ्याच नावावर.

बाबांनी लिहायला सांगितलं की काऊन येत नाही म्हणा, मार्चले अजून टाइम आहे, आता जाऊन पाह्य म्हणा रिंगच्या मांगं.

बूट परत माग आणि ये. काटे ताजे आहेत. माया आहेच, राग उतरला की दिसेल.

तुझी वच्छला