तिसरी हाक

१५ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ
धावडा गावाच्या वर डोंगरात तंबूचा कॅम्प. बुकिंग माझ्या मुलाने, कल्याणने केलं. गुणी आहे, पण खर्च बघत नाही. उद्या तीन तलावांची चक्कर. तिसरा तलाव बहात्तरच्या दुष्काळी कामावर आम्हीच खोदला, मी आणि माझ्या दोस्ताने, श्रीपतीने. पुढच्या वर्षी तो भरला आणि श्रीपती त्यातच बुडाला. मला दोन हाका मारल्या होत्या. मी बांधाच्या अलीकडे होतो. ओ दिली नाही. पाण्यापाशी तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नसते. भूत दोनच हाका मारतं. नियम म्हणजे नियम. माझी चूक नाही.
ठराव : उद्या तिथे नारळ वाहायचा आणि मोकळं व्हायचं. भ्यायचं बिलकुल नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ६
झोप उत्तम. फक्त चार वेळा उठलो. सूनबाई सुरेखा म्हणाली, मामा, झोपेत कोणाला न्हाई न्हाई म्हणून राह्यलते? म्हटलं, डासांना.

८.१०
पहिला तलाव. पाय ठणठणीत. काठाला एक माणूस पाण्याकडे बघत उकिडवा बसलेला. दबकत पुढे गेलो. बगळा निघाला. चष्म्याचा नंबर वाढला असावा. कल्याण-सुरेखा फोटोंसाठी इथेच थांबले. मी आणि नात स्वरा पुढे.

११.०५
दुसरा तलाव. ऐन वेळी गुडघ्याने दगा दिला. स्वरा म्हणाली, आबा, सकाळी तर उड्या मारून राह्यलते! म्हटलं, गुडघा सांगून दुखत नसतो. म्हणाली, द्या मंग नारळ, मीच वाहते. कोणाच्या नावानं? म्हटलं, नाव घ्यायची गरज नाही. पाण्यात उतरू नको, हे पाच वेळा बजावलं. गेली.

११.२०
वर तिसऱ्या तलावाकडून हाक. 'आबा!'
परत. 'आबा!'
आवाज पोरीचाच. पण तेव्हाही आवाज श्रीपतीचाच होता. तिसरीची वाट पाहतो आहे.

११.२२
नाही आली.

११.२३
अजून नाही.

दुपारी २
'ओ! ओ! आलो!' ओरडत पळालो. गुडघ्यासकट. चप्पल वाटेतच राहिली. वर स्वरा बांधावर बसून नारळ दगडावर आपटत होती. म्हणाली, फुटंना म्हणून दोनदा बोलावलं. मंग म्हटलं, आबाला ऐकू येत न्हाई, आपणच बघावं. मी हात धरला तसा नारळ निसटला आणि पाण्यात गेला. तरंगत राहिला. म्हणाली, आबा, रडता काय, दुसरा आणू. म्हटलं, ऊन लागलं डोळ्याला.

संध्याकाळी ६
ठराव पुरा झाला म्हणायला हरकत नाही. नारळ पाण्यात पोहोचला. नियमही चुकीचा नाही.
एकाहत्तराव्या वर्षी, अनवाणी, चढावर सहा मिनिटं लागली. तेव्हा मी एकोणीसचा होतो आणि मधे फक्त बांध होता.
बुडणाऱ्याला तिसऱ्या हाकेपुरता दम उरतो का, हे मी कधी कोणाला विचारलं नाही.