ओझ्याचा दगड

शनिवार, दिवेलागण

एस.टी. आली नाही, म्हणून सावर्ड्याहून दळणाचं पोतं डोक्यावर घेऊन माखजनच्या पायवाटेने घरी निघाले. चढ संपतो तिथे बघते तर ओझ्याचा दगड नाही. खांद्याएवढा उंच, सासूबाईंच्याही आधीपासूनचा. बाईने एकटीनेच ओझं त्यावर सरकवायचं, दम घ्यायचा, पुन्हा डोक्यावर ओढून चालू लागायचं. आता तिथे नुसता खड्डा.

तशीच घरी पोचले. धाकटे दीर खळ्यात बसले होते, त्यांना विचारलं. म्हणे, खालच्या फार्महाऊसवाल्याला दिला. त्याने फाटकाशी उभा केलाय, पाहुणे फोटो काढतात. वर शेवंतीची कुंडी ठेवलीय. दगडावर कुंडी.

"वाटेवरचा दगड तुमचा कधी झाला, भावजी?"

"वैनी, त्या वाटेने आता चालतं कोण?"

मी समोर घामाने निथळत उभी, पोतं अजून डोक्यावर. मग दिसलं असावं. उठून पोतं उतरवून घेतलं. "हाक मारायचीत ना, आलो असतो वाटेवर."

मान अजून ठणकतेय. पण मानेचं काय. त्या दगडापाशी कुणाला हाक मारावी लागत नव्हती. आम्हा बायकांना तेवढी एकच जागा होती.