बिनविरोध श्रद्धांजली

बंगळूर

प्रिय सुकन्या, धाकट्या बहिणीस आशीर्वाद.

आमदाराच्या मृत्यूने जागा रिकामी होते, वारशाने मिळत नाही, एवढेच मला सिद्ध करायचे आहे.

सोनईचे मान्यवर तुझ्याकडे चहा पिऊन म्हणाले, "ताई, पोटनिवडणुकीचा अर्ज मागं घ्या. साहेबांचं पोरगं बिनविरोध जाऊ द्या, तीच श्रद्धांजली हाय." या न्यायाने डॉक्टर वारल्यावर रुग्णांनी त्याच्या मुलाकडून शस्त्रक्रिया करून घ्यावी. दुःख त्या घरचे आहे, मतदारसंघ त्या घरचा नव्हे. सांत्वनाला अवश्य जा. अर्ज मागे घेऊ नकोस.

माझ्या डोळ्याची पट्टी निघाली. आई जेवते ना? दाराला आतून कडी लावत जा.

एक चूक सहीनिशी मान्य करतो. तू हरशील म्हणून मी तुझ्या अर्जावर सूचक म्हणून सही केली नाही. हरण्याची शक्यता हे न लढण्याचे कारण होत नाही. मतदानाला येतो.

तुझा दादा,
रामहरी