टेपवरचं कुंकू

बाई, आज खंडेनवमी. सूनबाई लॅपटॉपला कुंकू लावायला निघाली आणि मी अशी ओरडले की तिच्या हातातून कोयरी पडली. "अहो आई, नुसतं बोट टेकवतेय!" ती बिचारी म्हणाली. तिला काय सांगू? जे सांगायचं ते तुम्हालाही कुठे सांगितलं? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या त्या कारखान्यात काँप्युटरच्या खोलीच्या तुम्ही प्रमुख, आणि मी लग्न होऊन चार महिने झालेली ऑपरेटर. रोजंदारीच्या कामगारांची हजेरी आपण मशीनमध्ये भरायचो. ठरलेले दिवस भरले की माणूस कायम व्हायचा. महिन्याला त्या हजेरीच्या दोन टेप निघायच्या, मागच्याच टेप पुसून. एक खोलीतल्या कपाटात राहायची, दुसरी वाशीला तुमच्या घरी, खाडीची दमट हवा लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यात. "टेपचा पुलाव करता की काय?" असं साहेब चिडवायचे. तुम्ही म्हणायचात, "आग लागली तर कपाट काय पळत बाहेर येणार आहे?" घरी न्यायची टेप आधी मशीनवर चढवून वाचून पाहायची, मगच रजिस्टरमध्ये सही, हा तुमचा दुसरा नियम. एकदा मी न वाचताच सही करायला गेले तर तुम्ही हातातून पेन काढून घेतलंत. "वाचून पाहिली नाही तर ती प्रत नव्हे, नुसती समजूत." मी मनात तुम्हाला खडूस म्हटलं होतं.

तळवलीचा एक कामगार अजून डोळ्यांसमोर आहे: दर शनिवारी दाराच्या काचेवर टकटक करतो. त्याची भातशेती सरकारने नव्या शहरासाठी घेतलेली. "बाय, माजं दीस लिवलं ना? आता दोनच म्हयनं रायलं." तुम्ही त्याला आत बोलावून पडद्यावर त्याचं नाव दाखवता. त्याला वाचता येत नाही, तरी तो नीट बघून घेतो आणि मग समाधानाने जातो.

त्या खंडेनवमीला तुम्ही बजावून मीटिंगला गेलात, "कुंकू दाराला आणि मशीनच्या बाहेरच्या झाकणाला. बस." मी नवीकोरी पैठणी नेसलेली, अंगात हौस मावत नव्हती. मशीनला हार घातला आणि टेबलावर तुमच्या घरी जायची टेप दिसली. म्हटलं, खरी राबते ती ही, हिला का वगळायची? भिजवलेलं हळद-कुंकू बोटभर लावलं. ओघळ कडेने आत शिरला. पुसला, पण आत किती गेला ते दिसेना. मशीनवर चढवावी तर मशीन बिघडायची भीती, नवी प्रत काढावी तर तास जाणार आणि तुमची बोलणी खावी लागणार. त्यात नवरा फाटकाशी स्कूटर घेऊन उभा. मी सही केली. तुम्ही आलात, सही पाहिलीत आणि टेप पिशवीत घातलीत.

दिवाळीच्या सुट्टीत एसीच्या वायरींनी पेट घेतला. खोली गेली, कपाट गेलं, हजेरीचे कागद गेले. रजिस्टरही गेलं, माझ्या सहीसकट. सुट्टी संपल्यावर तुम्ही डबा घेऊन आलात. "घाबरू नका, आपली प्रत आहे," म्हणालात. शेजारच्या कंपनीच्या मशीनवर टेप चढवली; ती जरा फिरली आणि अडकली. थर एकमेकांना चिकटलेले, कडेला लाल डाग. साहेबांनी विचारलं, "बाई, देवघरात ठेवली होती का ही?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, एकदाच. मग म्हणालात, "हो. मीच पूजा केली."

सगळे तुमच्या मोकळ्या कपाळाकडे बघत राहिले. यजमान गेल्यापासून तुम्ही करंड्याला हात लावला नव्हता, हे चहावाल्यालाही ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही. बाई, मला नोकरीची भीती नव्हती हो. तुमच्या नजरेतून उतरायची होती. आणि मी तर तेव्हाच उतरले असणार.

तुमचं पद काढून तुम्हाला स्टोअरमध्ये बसवलं. रविवारी आपण दोघी गावोगाव फिरायचो, कामगारांचे तारखा असलेले जुने गेटपास, कँटीनची कुपनं गोळा करायचो. बऱ्याच जणांचे दिवस जुळले. त्या तळवलीवाल्याचे नाही. त्याने कुपनं चुलीत घातली होती, मशीनवर भरवसा ठेवून. "जाव दे बाय, तू तरी काय करशील?" असं उलट त्यानेच तुम्हाला समजावलं. त्याच्या ओटीवर तुम्ही पदर तोंडाला लावून रडलात आणि मी शेजारी पिशवी धरून उभी राहिले.

शेवटी हॉस्पिटलमध्ये तुम्ही विचारलं होतंत, "काही सांगायचंय का गं?" मी मोसंबी सोलत होते. "नाही हो बाई," म्हटलं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि भिंतीकडे तोंड केलंत.

ती टेप मी वाचून पाहिली नव्हती, बाई. हे पत्रही पुन्हा वाचून पाहायचं धाडस होत नाही. खाली सही मात्र केली आहे.